पोटखराबातली फुलं

रत्नागिरीत पांढरा कोनफ्लॉवर येईल का? गेल्या महिन्यात एका मित्राने हा प्रश्न टाकला. मित्र आयटीतलाच, पुण्याचा. रत्नागिरीजवळ छोटा प्लॉट घेतलाय, घर बांधतोय, आणि घराभोवती मधमाश्या-फुलपाखरं येतील अशी बाग हवी आहे. नेटवर त्याने बुटक्या पांढऱ्या कोनफ्लॉवरचे फोटो पाहिले आणि प्रेमातच पडला. मी मूळचा तिकडचा म्हणून मला विचारलं. प्रश्न बागकामाचा होता, मी उत्तर शोधायला बसलो आणि दोन वीकेंड इतिहासात गेले. तेच इथे लिहून काढतोय.

छोटं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे घाईत असलेली मंडळी सुटतील. येईल, पण एका हंगामापुरता, कुंडीत, पाऊस गेल्यावर. हे झाड मुळात थंडीत जमिनीखाली झोपणारं आणि वसंतात परत फुटणारं. रत्नागिरीत ते झोपणार कधी? आपल्याकडची थंडी म्हणजे पहाटे चादर ओढून घ्यावी इतपत. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पाणी साचलेलं ह्याच्या मुळांना अजिबात चालत नाही, कुजतात. म्हणजे दरवर्षी नवीन बी, नवीन रोप. हौस असेल तर करावं, त्यात वाईट काही नाही.

आता मोठं उत्तर.

कोनफ्लॉवरचं शास्त्रीय नाव एकिनेशिया. होमिओपॅथीच्या दुकानात ह्या नावाची बाटली अनेकांनी पाहिली असेल. १७५३ मध्ये लिनियसने ह्याला रुडबेकिया ह्या दुसऱ्याच घराण्यात घातलं होतं. १७९४ मध्ये मोएंख नावाच्या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञाने वेगळं काढून एकिनेशिया असं नाव दिलं. ग्रीक 'एकिनोस' म्हणजे साळू किंवा तसला काटेरी प्राणी. फुलाच्या मधला टणक, खरखरीत गोंडा पाहिला की नाव पटतं. तो गोंडा म्हणजे एक फूल नव्हे, शेकडो बारीक फुलांची वस्ती. झेंडू, शेवंती, सूर्यफूल हे सगळे ह्याचे चुलतभाऊ. कीटकाच्या दृष्टीने ही मोठी सोय, एका जागी बसायचं आणि गोल फिरत शंभर ठिकाणी जेवायचं. एकाच ऑफिसात सगळ्या खिडक्या!

मूळ रंग जांभळट गुलाबी. पांढरा हा निसर्गात अधूनमधून होणारा बदल, तो माळ्यांनी धरून ठेवला. मग बुटका केला, कारण शहरातल्या लोकांकडे जागा नाही. मग दुहेरी पाकळ्यांचा केला, कारण फोटोत छान दिसतो. ह्या शेवटच्या पायरीला कीटकांचं जेवण गेलं. अमेरिकेत डेलावेअरमध्ये माउंट क्यूबा सेंटर नावाची बाग आहे, त्यांनी २०१८ ते २०२० अशी तीन वर्षं वेगवेगळ्या कोनफ्लॉवरवर येणारे कीटक अक्षरशः मोजले. भरगच्च दुहेरी फुलांकडे कीटक फारसे फिरकले नाहीत. साध्या, एकेरी फुलांवर गर्दी. तेव्हा मित्रा, घेशील तर एकेरीच घे.

पण हे फूल आलं कुठून? अमेरिकेच्या मध्यभागातल्या गवताळ माळांवरून, प्रेअरीतून. तिथे गोऱ्या वसाहतवाल्यांना ती जमीन आधी 'रिकामी' वाटली आणि मग 'सुपीक' वाटली. १८३७ मध्ये जॉन डीअर नावाच्या लोहाराने इलिनॉयमध्ये पोलादी फाळाचा नांगर बनवला, चिकट माती त्याला चिकटेना, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत प्रेअरी मक्याखाली गेली. इलिनॉयमध्ये मूळ प्रेअरी आज एक टक्कासुद्धा नाही. माळ गेला आणि माळावरचं फूल नर्सरीत पॅकेटमधून विकायला आलं, असा हा सगळा प्रवास.

ह्या घराण्यातल्या एका फुलाची गोष्ट मात्र मला जास्त लागली. टेनेसी कोनफ्लॉवर. हे प्रेअरीच्या खोल मातीत वाढत नाही. नॅशव्हिल शहराच्या आसपास चुनखडीचे सपाट उघडे खडक आहेत, त्यांवर दोन-चार बोटं माती. हिवाळ्यात-वसंतात पाणी तुंबतं, उन्हाळ्यात तवा तापतो. तिथे मोठं झाड टिकत नाही, म्हणून ह्या लहान चणीच्या फुलाला जागा मिळते. लोकांच्या लेखी ती पडीक जमीन, त्यामुळे घरं बांधायला पहिला नंबर तिचा. हे फूल नामशेष झालं असंच समजत होते. १९६० च्या दशकाच्या शेवटी एल्सी क्वार्टरमन ह्या प्राध्यापक बाईंना ते परत सापडलं. १९७९ मध्ये ते अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेलं, खडकाचे काही तुकडे राखले, रोपं वाढवून लावली, आणि २०११ मध्ये ते त्या यादीतून बाहेर आलं. वाचलं म्हणून बाहेर आलं, संपलं म्हणून नव्हे. असं क्वचित होतं.

सपाट खडक, बोटभर माती, चार महिने पाणी आणि बाकी वर्ष तवा. रत्नागिरीच्या माणसाला हे वर्णन वाचून दुसरं काय आठवणार? सडा!

ज्यांनी रत्नागिरी फक्त आंब्याच्या पेटीवर वाचली आहे त्यांच्यासाठी: किनाऱ्याच्या मागे चढ चढून गेलं की वर सपाटी लागते, जांभ्या दगडाची, मैलोन्‌मैल. तिला सडा म्हणतात, कातळ म्हणतात. लाखो वर्षं पावसाने खडकातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा हा टणक पापुद्रा. ओला असताना कापता येतो आणि हवेत कडक होतो, म्हणून त्याचे चिरे काढतात. बुकॅनन नावाच्या डॉक्टरने केरळात अंगाडीपुरमला हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये त्याला 'लॅटेराइट' म्हटलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. आपले पूर्वज त्याच्या कितीतरी आधीपासून त्याची घरं आणि विहिरी बांधत होते, ते असो.

एप्रिलमध्ये सड्यावर गेलात तर काळा-तांबडा खडक आणि जळकं गवत ह्याशिवाय काही दिसणार नाही. ऑगस्टमध्ये जा. पाणथळ खळग्यांतून पांढरे ठिपके उगवलेले दिसतात, हजारोंनी. टाचणीच्या काडीवर पांढरं बटण बसवावं तसं झाड, वीतभर उंची. हा गेंद. कासला ह्याचीच मोठी भावंडं बघायला लोक तिकीट काढून जातात. जवळून पाहिलं तर ते बटण म्हणजेही एक फूल नाही, बारीक फुलांची दाटी आहे! कोनफ्लॉवरशी नातं काहीच नाही, घराणंच वेगळं, तरी युक्ती तीच. गेंदाच्या इवल्याशा पाकळ्यांवर मधाच्या ग्रंथी असतात. गुडघ्यावर बसून दहा मिनिटं थांबलं तर बारक्या माश्या, मुंग्या, डासाएवढ्या मधमाश्या ये-जा करताना दिसतात. (पँट ओली होते, त्याला इलाज नाही.)

मित्राला हवं ते सगळं इथे आहे: पांढरं, बुटकं, गोंडेदार, कीटकांच्या सोयीचं, आणि खत-पाणी शून्य. फक्त ते वाफ्यात लावता येत नाही. सड्याचा तो खळगा, ती बोटभर माती, ते तुंबलेलं पाणी असं सगळं पॅकेजच हवं.

गेंदाबरोबर निळी-जांभळी सीतेची आसवं असतात. ही कीटक खाणारी वनस्पती, कारण त्या धुतलेल्या मातीत नत्र नाही, मग ते मिळवायचं कुठून? पिवळा कवला असतो. कडेला तेरडा, ज्याची आपल्याकडे गौर बसते. आणि ह्या सगळ्यांच्या आधी, पावसाच्या पहिल्या जोरात, दीपकाडी. कांद्यासारखा कंद, त्यातून एक सरळ दांडा आणि त्याला लांब नळीची पांढरी फुलं. शास्त्रीय नावातच कोकण आहे: डिपकॅडी कोंकनेन्स. हे फूल कोकणपट्टीबाहेर जगात सापडत नाही.

हे नाव कोणी दिलं ते शोधताना मला सगळ्यात जास्त मजा आली. निकोल डॅलझेल. हा स्कॉटिश माणूस १८४० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या कस्टम खात्यात होता. म्हणजे जकात, मीठ, अफू ह्यांचा हिशोब. किनाऱ्यावरची बंदरं फिरायची आणि नोकरी सांभाळून झाडं गोळा करायची. १८५० मध्ये त्याने दीपकाडीचं शास्त्रीय वर्णन छापलं. पुढे बेकरने तिला आजच्या घराण्यात हलवलं, पण 'कोंकनेन्स' टिकलं. डॅलझेलचा जोडीदार अलेक्झांडर गिब्सन, हा कंपनीचा सर्जन. १८३८ पासून पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला जंगल अधिकारी. त्या बागेत देशी-परदेशी झाडं लावून बघत, आणि १८४७ ते १८५० ह्या काळात तिथल्या झाडांची सुंदर चित्रं काढून घेतली गेली. चित्रकार गोव्याकडचा होता. त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. चित्रं आज एडिंबरोला आहेत. डॅलझेल आणि गिब्सन ह्यांनी मिळून १८६१ मध्ये 'बॉम्बे फ्लोरा' छापलं.

आणि तिसरा तर आपल्याच जातीचा निघाला: थिओडोर कुक, सिव्हिल इंजिनीयर! आयर्लंडहून १८६० मध्ये बीबीसीआय रेल्वेत आला, वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल बांधला, १८६५ मध्ये पुण्याच्या इंजिनीयरिंग कॉलेजचा प्रिन्सिपॉल झाला. म्हणजे आजचं सीओईपी. निवृत्त होऊन गेल्यावर त्याने मुंबई इलाख्यातल्या सगळ्या वनस्पतींची सूची केली, ती १९०१ ते १९०८ ह्या काळात भागाभागाने छापली गेली. महाराष्ट्रात फुलं ओळखायला निघालेला माणूस आजही शेवटी कुकपर्यंत पोचतो. इंजिनीयरने वीकेंडला फुलांच्या मागे लागण्याची परंपरा जुनी आहे तर. :-)

पण ह्याच साहेबांच्या राज्यात दुसऱ्या टेबलावर दुसरं काम चालू होतं, ते म्हणजे जमीन मोजणी. महसूल खात्याला जमिनीचा एकच प्रश्न, पीक किती आणि सारा किती. भाताची खाचरं, माड-पोफळीची बागायत, डोंगरउतारावरची नाचणी-वरीची वरकस असे रकाने पडले. सड्यावर सारा काय बसवणार? तो गेला 'पोटखराब' ह्या रकान्यात. सातबारा हातात घेऊन पाहा, आजही हा शब्द तिथे आहे. लागवडीला नालायक म्हणून आकार नाही. एकाच सरकारातला एक माणूस त्या खडकावरच्या फुलाला लॅटिन नाव देतो आणि दुसरा त्याच खडकाला खराबा लिहितो. दोन टेबलांची गाठ कधी पडली नाही. आपल्याकडे दोन डिपार्टमेंटचे डेटाबेस जसे एकमेकांशी बोलत नाहीत, अगदी तसं.

गावाला मात्र सडा खराबा नव्हता. पावसाळ्यात गुरं तिथे, पावसाळ्यानंतर गवताची कापणी तिथून, मुलांचं क्रिकेट तिथे. आणि फार फार पूर्वी कोणीतरी त्याच कातळावर हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली. ती कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, म्हणून आता सड्याचे काही तुकडे लोक कुंपण घालून राखतात. कुंपणाच्या आत गेंदही फुलतो, फुकटात.

स्वतंत्र भारतात रकाना बदलला नाही, फक्त भाषा बदलली. २००० पासून उपग्रहाच्या चित्रांवरून देशाचा पडीक जमिनींचा नकाशा निघू लागला, त्यातही उघड्या खडकाला 'नापीक' असाच रंग. पडीक म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: हिला कामाला लावा. १९९० मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली, शंभर टक्के अनुदानावर. कोकणात त्याचा अर्थ एकच, हापूस. कातळात सुरुंग लावून खड्डे मारायचे, खालून माती आणून भरायची, कलम लावायचं, भोवती गडगा घालायचा. पुढे ब्रेकर आणि जेसीबी आले आणि काम सोपं झालं. २०१८ मध्ये नियम बदलून पोटखराब जमीन लागवडीखाली आणून तशी नोंदवायची सोय झाली. त्याच वर्षी हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं.

इथे मला कोणाकडे बोट दाखवायचं नाहीये. रत्नागिरी हा मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा होता. प्रत्येक घरातला एक माणूस मुंबईच्या गिरणीत, आणि गिरण्या बंद पडल्यावर ती मनीऑर्डरही गेली. खडकातून पीक काढणाऱ्या माणसाच्या कष्टाला मी नावं ठेवू शकत नाही. माझी इंजिनीयरिंगची फी सड्यावरच्याच कलमांनी भरली आहे. ते खड्डे मारलेले हात मला माहीत आहेत. तरी हिशोब मांडायचा तर पूर्ण मांडायला हवा ना?

हिशोबाची उरलेली बाजू अशी. हापूसच्या मोहोराच्या एका तुऱ्यावर शेकडो, कधी हजारांवर फुलं असतात. बरीचशी नर. फळ धरू शकणारी थोडी, आणि हापूसमध्ये त्यांचं प्रमाण इतर बऱ्याच आंब्यांपेक्षा कमीच. हजार फुलांमागे एखादा आंबा हाती लागला तर खूप. परागकण इकडून तिकडे नेतं कोण? मुख्यतः माश्या, म्हणजे साध्या, घरमाशीच्या नात्यातल्या. त्यांच्या जोडीला बारकी पोया माशी आणि आपली सातेरी मधमाशी. (ऑस्ट्रेलियात काही आंबेवाले बागेत मेलेलं जनावर टांगतात, माश्या याव्यात म्हणून. आपल्याकडे ही आयडिया कृपया कोणी उचलू नये.)

मोहोर येतो डिसेंबर-जानेवारीपासून. पण ह्या कीटकांना वर्षभर जगायचं असतं. त्यांचा सगळ्यात वाईट काळ भर पावसाचा. सातेरी पाळणारे लोक त्या दिवसांत पेटीत साखरेचा पाक ठेवतात, कारण बाहेर फुलंच फार नसतात. झाडं भिजत उभी असतात तेव्हा फुललेला असतो तो सडा. म्हणजे आंब्याचे मजूर पावसाळ्यात ज्या खाणावळीत जेवतात तीच फोडून आपण आंबा लावला. वर मोहोरावर तुडतुडा दिसला की कीटकनाशकाचा पंप सुरू होतो. फुलं उमललेली असताना फवारू नका हे सांगितलं जातं, पण वर्षाचं पीक डोळ्यासमोर असताना ते ऐकणं सोपं नाही.

सगळा सडा कलमांखाली गेलेला नाही. चिरेखाणी आहेत, प्लॉटिंग आहे, आणि त्यांच्या मध्ये मोकळे तुकडे अजून पुष्कळ आहेत. कास २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. तिथे गर्दीवर मर्यादा आहे, तिकीट आहे, पहारा आहे. समुद्राजवळच्या ह्या खालच्या सड्यांना असं काही नाही. डॉ. अपर्णा वाटवे ह्यांच्यासारखे काही अभ्यासक वर्षानुवर्षं सांगताहेत की उघडा खडक ही रिकामी जागा नव्हे, ती स्वतःच एक परिसंस्था आहे. वाक्य साधं आहे, पण सातबाऱ्यात त्याला रकाना नाही.

मित्राच्या प्लॉटच्या उताऱ्यावरही काही गुंठे पोटखराब निघाले. मागच्या बाजूला उघडा कातळ आहे. ठेकेदार म्हणाला, साहेब, चार डंपर माती टाकू, लॉन मस्त होईल. मी म्हटलं, तेवढं एक करू नकोस रे. तो भाग आहे तसा सोड, पावसाचं पाणी अडव नको आणि वळव नको, सिमेंट-राडारोडा तिथे टाकू देऊ नकोस. गवत कापायचंच असेल तर फुलं होऊन बी पडल्यावर काप. जुलैत दीपकाडी आली तर फोटो पाठव, उपटून कुंडीत लावू नकोस.

आणि घरापुढे, जिथे माती आहे, तिथे पांढरंच हवं असेल तर बाहेरून काही आणायची गरज नाही. कुंपणाला करवंद लाव, उन्हाळ्याच्या तोंडावर पांढरी वासाची फुलं येतात आणि त्याला कोणी गुरू खात नाही. कोपऱ्यात कुडा, तो एप्रिल-मेमध्ये पांढरा होतो. परसात शेवगा, त्याच्या पांढऱ्या फुलांवर सातेरी तुटून पडते आणि शेंगा आमटीत. दारात तुळस तर असणारच, आई लावेलच. दसरा-दिवाळीला सड्यावरची फुलं संपतात आणि मोहोराला अजून अवकाश असतो, त्या मधल्या दिवसांत तुळशीच्या मंजिरीवर सकाळी नऊच्या सुमाराला किती माश्या येतात ते एकदा मोजून बघ. एक्सेलमध्ये टाक हवं तर.

कोनफ्लॉवरचं बीही मागव, एकेरी पांढरं. ओलसर वाळूत मिसळून महिनाभर फ्रीजमध्ये ठेव, म्हणजे त्याला हिवाळा होऊन गेल्यासारखं वाटेल. ऑक्टोबरात पेर. जूनच्या पहिल्या सरीला ते कुजायला लागेल, त्याच सुमाराला मागच्या कातळातल्या खळग्यात पाणी साचायला लागलेलं असेल.